दुधाची पिशवी कोण धुते?

आमच्या महाविद्यालयातल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाने दोन वर्षांपूर्वी पर्यावरणस्नेही सवयींविषयी एक प्रश्नावली तयार केली आणि ती माझ्या अर्थशास्त्राच्या वर्गात वाटली. प्रश्न नेहमीचेच होते : बाजारात जाताना कापडी पिशवी नेता का, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवता का, उरलेल्या अन्नाचे काय करता, जुने कपडे कोणाला देता. कागद गोळा झाल्यावर गटातल्या मुलांनी उत्साहाने निष्कर्ष काढला, की मुली पर्यावरणाबाबत अधिक जागरूक आहेत, आणि तसे भित्तिपत्रकावर लिहिण्याची तयारीही सुरू झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, मी पिशवीपुढे 'नाही' लिहिलंय, कारण मी बाजारात जातच नाही. आई जाते." वर्ग हसला. मला मात्र वाटले, की त्या साऱ्या गठ्ठ्यातले सर्वांत प्रामाणिक उत्तर हेच आहे आणि ते लिहायला आमच्या प्रश्नावलीत जागाच नव्हती.

स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक पर्यावरणस्नेही वागतात, हे म्हणणे आता जुने झाले आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुचर्चित अभ्यासात १४ देशांमधील माहिती तपासून हाच कल नोंदवला गेला होता, आणि त्यानंतरच्या अनेक पाहण्यांमध्ये तो कमीअधिक प्रमाणात पुन्हा दिसला. प्रश्न आहे तो या कलाचा अर्थ काय लावायचा याचा. आपल्याकडे त्याचे एक सोपे, गोड उत्तर तयार असते : स्त्री मुळातच जपणारी, पुरवून वापरणारी, धरित्रीशी नाते सांगणारी. या उत्तरात कौतुक आहे, पण त्या कौतुकाचा भार कोणावर पडतो हे ते सांगत नाही. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ सालीच या विचाराला हरकत घेतली होती. स्त्रियांचे निसर्गाशी असलेले नाते त्यांच्या स्वभावातून येत नाही; श्रमाची वाटणी कशी आहे, जमीन आणि मालमत्ता कोणाच्या नावावर आहे, यातून ते घडते, असे त्यांचे प्रतिपादन होते. सरपण आणि पाणी आणायला जी जाते, तिला जंगल आणि विहीर आटल्याचे आधी कळते. त्यांचे विवेचन प्रामुख्याने ग्रामीण भारताबद्दल होते. मला ते पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या घरालाही लागू पडते असे वाटते, आणि शाश्वत उपभोगाविषयी तरुणांशी बोलताना आपण नेमके तेच विसरतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे. वस्तू विकत न घेणे, फेकून न देणे, पुन्हा वापरणे, या प्रत्येक कृतीच्या मागे काहीतरी काम उरते, आणि ते काम घरातल्या कोणाच्या तरी वेळेतून जाते. तरुण मुली आणि तरुण मुलगे यांच्या सवयींमध्ये जो फरक दिसतो, तो बराचसा या उरलेल्या कामाच्या वाटणीचा फरक आहे.

दुधाच्या पिशवीचेच पाहा. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, कारण तो इवलासा तुकडा कचऱ्यात गेला की पुन्हा कोणाच्याच हाती लागत नाही. दूध पातेल्यात ओतल्यावर पिशवीत थोडे पाणी घालून ती हलवायची, ते पाणीही दुधातच जाते, मग पिशवी आतून नीट विसळायची, नाहीतर दुसऱ्या दिवशी तिला वास येतो, आणि खिडकीच्या गजाला किंवा नळावर उलटी अडकवायची. वाळली की घडी करून जुन्या पिठाच्या पिशवीत भरायची. महिन्याअखेरीस तो गठ्ठा रद्दीवाल्याकडे किंवा कचरा न्यायला येणाऱ्या ताईंकडे जातो. एका पिशवीला दोन मिनिटेही लागत नाहीत. पण दिवसाला दोन पिशव्या, असे वर्षानुवर्षे चालते. माझ्या घरी आधी हे आई करायची आणि आता पत्नी करते. मी वर्गात पुनर्वापरावर तास घेत होतो, त्या सगळ्या वर्षांत आमच्या नळावर वाळत घातलेल्या पिशव्या माझ्या हाताने एकदाही अडकवल्या गेल्या नव्हत्या, हे त्या मुलाच्या उत्तरानंतर माझ्या ध्यानात आले.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत ही वाटणी आकड्यांत मांडलेली आहे. सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया रोज घरातली बिनपगारी कामे करत होत्या. पुरुषांमध्ये हे प्रमाण २६.१ टक्के होते. जे करत होते त्यांचाच वेळ मोजला तरी स्त्रियांची रोजची सरासरी २९९ मिनिटे आणि पुरुषांची ९७ मिनिटे होती. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे वाचली आणि पुरुषांनीही आपली नऊ मिनिटे वाचवून घेतली! या २८९ मिनिटांत कापडी पिशवी धुणे, डाळ-तांदूळ डब्यांत भरणे, कालच्या भाताचा फोडणीचा भात करणे, ओला कचरा निवडणे हे सगळे आधीच सामावलेले आहे. त्यामुळे एखाद्या विशीतल्या मुलीने प्रश्नावलीत सात-आठ वेळा 'होय' लिहिले असेल, तर तिच्या पर्यावरणनिष्ठेइतकीच ती स्वयंपाकघरात किती वेळ उभी असते याचीही ती नोंद असते.

एकदा वापरून फेकण्याच्या वस्तूंचा बाजार उभा राहिला तो याच ठिकाणी. कागदी पेला, थर्माकोलची ताटली, पार्सलचा काळा डबा, ओले पुसायचे कागद या सर्वांमध्ये विकली जाणारी खरी वस्तू म्हणजे धुण्या-पुसण्यातून मिळणारी सुटका. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक बंदीची अधिसूचना काढली आणि तीन महिन्यांनी, २३ जूनपासून दंडाची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या वेळी पाच हजार, दुसऱ्या वेळी दहा हजार. तेव्हाची चर्चा उत्पादक, दुकानदार आणि दंडाच्या रकमेभोवती फिरत होती. पिशवी गेल्यावर जे काम परत येणार होते ते कोणाकडे येणार, हा प्रश्न मी तरी कुठे ऐकला नाही. मासळीसाठी डबा न्यायचा आणि तो घरी येऊन घासायचा, कोथिंबीर निवडून ओल्या फडक्यात गुंडाळायची, कचऱ्याच्या डब्याला पिशवी नाही म्हणून डबाच रोज धुवायचा, हे सारे आपोआप झाले आणि कोणाकडून झाले हे सांगण्याची गरज नाही. बंदी चुकीची होती असे मला मुळीच म्हणायचे नाही. ती चालली तेवढी या न मोजलेल्या श्रमावर चालली, आणि जिथे हा श्रम करणारे कोणी नव्हते तिथे ती पहिल्या काही महिन्यांतच कोलमडली.

असे ठिकाण पाहायचे असेल तर विद्यार्थी मुलांनी भाड्याने घेतलेल्या एखाद्या फ्लॅटमध्ये डोकवावे. चार मुलगे, एक फ्रिज, गॅसची शेगडी फक्त चहापुरती आणि दारामागे पार्सलच्या डब्यांची उतरंड. ही मुले बेजबाबदार नाहीत; त्यांतले काही जण टेकडीवर झाडे लावायला माझ्याबरोबर आलेले आहेत. त्यांना अन्न शिजवणे, साठवणे, भांडी घासणे ही कामे आपल्या वाट्याची आहेत असे कोणी कधी शिकवलेलेच नाही, म्हणून ती कामे ते विकत घेतात. शेजारच्या इमारतीत तशाच चार मुली राहतात, त्यांच्याकडे कुकर आहे आणि आळीपाळीचे वेळापत्रक भिंतीला चिकटवलेले आहे. त्याच मुली आमच्या प्रश्नावलीत 'जागरूक' ठरल्या.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर माझेच गणित चुकेल. लिंगभेदापेक्षा पैसा मोठा असतो. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी सदाशिव पेठेत आणि नवी पेठेत कॉट बेसिसवर राहणारा मराठवाड्यातला मुलगा आमच्या प्रश्नावलीत नापास होईल. त्याच्याकडे कापडी पिशवी नाही आणि तो कचरा वेगळा करत नाही. पण त्याच्या मालकीचे असते काय? एक खाट, एक बादली, आधीच्या तुकडीतल्या कोणाकडून अर्ध्या किमतीत घेतलेली पुस्तके आणि मेसचा दोन वेळचा डबा. दोन गाड्या आणि तीन वातानुकूलित खोल्या असलेल्या घरातली, बांबूचा टूथब्रश वापरणारी मुलगी किंवा मुलगा त्याच्या दसपट उपभोग घेत असेल. कचरा वेगळा करण्याच्या सवयीला आपण इतके महत्त्व देतो, की मुळात घरात वस्तू किती येतात हे विचारायचेच राहते.

मुलगे अशा सवयींपासून दूर राहतात याचे आणखी एक कारण सांगितले जाते, ते पुरुषपणाच्या कल्पनेचे. अमेरिकेत २०१६ मध्ये ग्राहकवर्तनाच्या क्षेत्रातल्या एका संशोधनात, पुन्हा वापरता येणारी कापडी पिशवी घेतलेली व्यक्ती, मग ती बाई असो वा पुरुष, लोकांना अधिक 'बायकी' वाटते, असे दिसून आले. पर्यावरणाची काळजी आणि बायकीपणा यांची सांगड डोक्यात इतकी पक्की असते, की पुरुष ती ओळख टाळण्यासाठी हिरवे पर्याय टाळतात, असा त्या संशोधकांचा युक्तिवाद होता. तो वाचताना मला आमचे आजोबा आठवले. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घडी घातलेली पिशवी कायम असे. संध्याकाळी मंडईत जाणे, भाव करणे, अळूची पाने उलटी करून पाहणे आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बसमधून घरी येणे हे त्यांचे काम होते, आणि त्यांच्या पिढीतल्या बहुतेक मराठी मध्यमवर्गीय घरांत ते पुरुषांचेच काम होते. पिशवी हातात असल्याने त्यांच्या पुरुषपणाला धक्का लागल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. दोन पिढ्यांत तीच पिशवी बायकी झाली असेल, तर तो बायकीपणा पिशवीतच मुळात होता असे म्हणता येणार नाही. बाजारहाट हळूहळू बायकांकडे सरकला, मोटरसायकल पुरुषांकडे आली आणि पिशवीचे लिंग बदलले.

पुरुषांच्या वाट्याची काटकसर आणखीही होती. पंख्याचा कंडेन्सर बदलणे, इस्त्रीची वायर जोडणे, सायकलचे पंक्चर घरीच काढणे, चप्पल चांभाराकडून दोनदा शिवून आणणे, घड्याळ दुरुस्तीला टाकणे. हे सगळे वडील आणि मोठे भाऊ करत आणि त्याचा त्यांना थोडा तोराही असे. आजच्या मुलांच्या हातून हे गेले ते त्यांच्या आळसामुळे कमी आणि वस्तूंच्या बांधणीमुळे जास्त. बॅटरी डिंकाने चिकटवलेला मोबाइल उघडायचा कसा? सुटा भाग मिळत नाही आणि दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या निम्म्यावर जातो. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू केले. या पावलाकडे मी केवळ ग्राहकहित म्हणून पाहत नाही. तरुण मुलग्यांना वस्तू टिकवण्याच्या संस्कृतीत परत आणण्याचा जो एक रस्ता त्यांना स्वतःला आवडण्यासारखा आहे, तो हाच. पकड आणि सोल्डरिंग गन हाती दिली की माझे विद्यार्थी चार-चार तास हलत नाहीत, हे मी प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभा राहून पाहिले आहे.

प्रश्नावलीत जे विचारलेच जात नाही, त्यात पेट्रोल पहिले. स्वीडनमध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकट्या राहणाऱ्या पुरुषांच्या आणि एकट्या राहणाऱ्या स्त्रियांच्या खर्चाची तुलना केली होती. दोघांचा खर्च जवळपास सारखा असूनही पुरुषांच्या उपभोगातून होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन १६ टक्क्यांनी जास्त निघाले, आणि फरकाचा मोठा वाटा गाडीच्या इंधनाचा होता. आपल्याकडे गाडीच्या जागी मोटरसायकल ठेवली की चित्र ओळखीचे होते. बारावी झाली की मुलाला बाईक हवी असते, आणि ती मिळाल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंतही तो चालत जात नाही. पुण्यात मुलींच्या हाती स्कूटी केव्हाच आली आहे. पण तालुक्याच्या गावी मुलगी एसटीने कॉलेजला येते आणि साडेपाचची गाडी चुकू नये म्हणून शेवटचा तास सोडून जाते. तिचे पेट्रोल शून्य आहे. हे शून्य तिच्या पर्यावरणनिष्ठेच्या खात्यात जमा करायचे का? तिला गाडी मिळाली नाही, रात्री उशिरापर्यंत बाहेर राहण्याची मुभा मिळाली नाही, मैत्रिणींबरोबर गडावर जायला घरून होकार मिळाला नाही, म्हणून तिचे उत्सर्जन कमी आहे. बंधनातून आलेल्या कमी उपभोगाला आपण सद्गुण म्हणू लागलो, तर ती मोकळी झाल्याच्या दिवशी तिलाच दोषी धरण्याची वेळ येईल.

या संदर्भात राज्याने १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व गाड्यांत स्त्रियांना अर्धे तिकीट केले, ते मला पर्यावरणाच्या डझनभर घोषणांपेक्षा महत्त्वाचे वाटते, जरी त्यामागचा हेतू पर्यावरण हा नव्हता. त्या निर्णयाने स्त्रियांचा प्रवास वाढला आणि तो सार्वजनिक वाहनाने वाढला. मोकळीक आणि कमी उत्सर्जन एकत्र नांदू शकते याचे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण यापेक्षा चांगले मिळणार नाही. उणीव इतकीच, की गाड्या पुरेशा नाहीत, आणि मुलग्यांना बाइकवरून उतरवून बसमध्ये बसवील अशी काही योजना अजून कोणी मांडलेली नाही.

कपड्यांचा विषय आला की मुली गप्प होतात, आणि त्यांचे गप्प होणे रास्त आहे. एकदा फोटोत दिसलेला ड्रेस पुन्हा घालायचा नाही, चार मापांचे कपडे मागवून तीन परत करायचे, हे मुलींमध्ये जास्त आहे. मुलगे बूट आणि मोबाइलवर ती कसर भरून काढतात, तो भाग निराळा. या खर्चामागे मुलीच्या दिसण्यावर साऱ्या जगाची नजर असते, हे कारण असले तरी त्याने कापडाचा ढीग लहान होत नाही. पण इथेही कामाचा धागा सुटत नाही. आजीच्या घरी जुन्या साडीची गोधडी व्हायची, गोधडी विरली की तिचे पायपुसणे व्हायचे, आणि जे अगदीच उरे ते बोहारणीच्या टोपलीत जाऊन एखादे स्टीलचे भांडे घरात येई. या साखळीतल्या प्रत्येक कडीला बाईची दुपार लागलेली होती. आज दुकानात हाताने शिवलेली गोधडी काही हजारांना मिळते. ती किंमत ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी त्या दुपारींचा हिशेब एकदा करून पाहावा. नोकरी करणाऱ्या मुलीने 'आजीसारखी काटकसर' करावी असे सांगताना आपण तिच्याकडून नेमके काय मागत असतो, हे त्या हिशेबाशिवाय कळणार नाही.

एक क्षेत्र मात्र असे आहे जिथे शाश्वत वर्तनाचा उपदेश फक्त मुलींनाच होतो, कारण ती वस्तू त्यांनाच लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातल्या १५ ते २४ वयोगटातील सुमारे ६४ टक्के मुली सॅनिटरी नॅपकिन वापरत होत्या आणि जवळपास निम्म्या मुली कापडही वापरत होत्या. मासिक पाळीचा कप वापरणाऱ्या एक टक्कासुद्धा नव्हत्या. पॅडमध्ये प्लास्टिक असते, ते कुजत नाही, म्हणून कापडाकडे किंवा कपाकडे वळा, असे आता महाविद्यालयांतल्या व्याख्यानांत सांगितले जाते. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण पाळीचे कापड स्वच्छ धुवायला भरपूर पाणी लागते, आडोसा लागतो आणि कडक ऊन लागते. मुलींच्या वसतिगृहात ती फडकी दोरीवर उघड वाळत घालायला कोणी धजत नाही. ती टॉवेलखाली, अंधारात, ओलसर वाळतात आणि त्यातून जंतुसंसर्ग होतो. आमच्या आया ज्या कापडाच्या जाचातून पॅडमुळे सुटल्या, तेच कापड आता त्यांच्या नातींना पृथ्वीच्या नावाने परत दिले जात आहे. कप हा चांगला पर्याय आहे आणि ज्या मुली तो वापरतात त्या त्यावर खूश आहेत, पण त्यासाठी लागणारी माहिती, स्वच्छतागृह आणि घरातल्या मोठ्यांची संमती या तिन्ही गोष्टी किती जणींकडे आहेत? जुलै २०१७ मध्ये पॅडवर १२ टक्के वस्तू व सेवा कर बसला होता आणि वर्षभराच्या ओरड्यानंतर जुलै २०१८ मध्ये तो काढावा लागला, हे विसरून चालणार नाही.

या पॅडचा पुढचा प्रवास पुण्यात चांगला ठाऊक आहे, कारण तो ज्यांच्या हातांतून होतो त्या संघटित आहेत. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली आणि तिच्यातून पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था निघाली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. वर्तमानपत्रात न गुंडाळता टाकलेले पॅड सुक्या कचऱ्यातून निवडताना काय होते ते या स्त्रियांना विचारावे. पुड्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे आम्हाला तो उघडावा लागणार नाही, एवढीच साधी मागणी त्यांनी घराघरांकडे केली. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेले पॅड थेट उत्पादक कंपन्यांना पाठवूनही दिले होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी पॅडबरोबर ते गुंडाळण्याचे पाकीट देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. आता तुलना करा : उत्पादकाने पाकीट दिले तर प्रत्येक मुलीची आणि प्रत्येक कचरावेचक बाईची रोजची कुचंबणा कमी होते. मुलीने कापड वापरले तर उत्पादकाला काहीच करावे लागत नाही. आपली व्याख्याने बहुतेक वेळा दुसऱ्या मार्गाची असतात.

म्हणूनच 'जीवनशैली बदला' या हाकेविषयी माझ्या मनात शंका आहे. पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत मांडलेली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केवडिया येथे सुरू झालेली 'मिशन लाइफ' ही मोहीम व्यक्तीच्या सवयींवर भर देते. तिच्यासाठी ७५ कृतींची यादी काढलेली आहे आणि ती महाविद्यालयांतूनही पोहोचली आहे. त्या यादीत लाल सिग्नलला इंजिन बंद करणे आहे आणि घरच्या ओल्या कचऱ्याचे खत करणेही आहे. पहिल्या कृतीला एक बोट हलवावे लागते आणि त्यात पेट्रोलचे पैसे वाचतात. दुसरीला रोज कचरा बारीक करणे, माती घालणे, अळ्या झाल्या तर निस्तरणे आणि शेजाऱ्यांची तक्रार ऐकणे लागते. यादीत दोन्ही सारख्याच ओळीत, सारख्याच अक्षरात छापलेल्या आहेत. त्यांच्यापुढे मिनिटांचा एक रकाना असता, आणि ती मिनिटे घरात कोण देणार याचा दुसरा, तर ती यादी फार वेगळी दिसली असती.

ज्या उपायांत कोणाचेच फुकटचे श्रम लागत नाहीत ते आधी करावेत, असा माझा आग्रह आहे. १ जानेवारी २०२० पासून तारांकन असलेले वातानुकूलन यंत्र कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येते. त्यासाठी कोणा मुलीला जागरूक व्हावे लागले नाही. दुधाच्या पिशवीवर परतीची किंमत छापून ती दुकानातच परत घेण्याची तरतूद २०१८ च्या प्लास्टिक अधिसूचनेत होती; ती नीट राबवली असती तर त्या पिशवीला घरातल्या पुरुषांच्या नजरेतही काही मोल आले असते. आणि जिथे श्रम टळतच नाहीत, तिथे ते वाटून घेण्याची सुरुवात मुलांच्या वसतिगृहापासून व्हावी. मुलींच्या वसतिगृहात कचरा वर्गीकरणाचे प्रात्यक्षिक दरवर्षी होते. मुलांच्या वसतिगृहात ते का होत नाही असे मी विचारले, तेव्हा मला उत्तर मिळाले, की तिथे कोणी येत नाही. स्वतःचे ताट घासण्याची सोयसुद्धा त्या इमारतीत नाही. बेसिन आहे, पण ते तोंड धुण्याचे आहे.

यंदा आम्ही प्रश्नावली बदलली. 'तुम्ही करता का' याऐवजी 'तुमच्या घरी हे कोण करते आणि त्याला किती मिनिटे लागतात' असे विचारले, आणि महिन्याच्या पेट्रोलचा खर्चही विचारला. मुलींनी कागद भराभर भरले. बऱ्याच मुलग्यांची गाडी पहिल्याच प्रश्नावर अडली, कारण आपल्याकडे दुधाची पिशवी धुतात की तशीच टाकतात हेच त्यांना ठाऊक नव्हते. एकाने परवानगी मागून वर्गातूनच घरी फोन लावला. "अगं आई, आपल्याकडे दुधाच्या पिशव्या कोण धुतं?" पलीकडून आधी, "का रे, पैसे संपले का?" असा प्रश्न आला आणि मग, "मीच की, अजून कोण?" असे उत्तर. त्याने रकान्यात 'आई' असे लिहिले. "किती मिनिटं लागतात गं?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "त्यात कसली आलीत मिनिटं," आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून तिने फोन ठेवला. तो रकाना त्याने कोराच ठेवला आहे.